रोज फिरतात, तरी पडतात कसे? : वाचकांचे प्रश्न, फिजिओची उत्तरं

मागच्या अंकात घरातल्या ज्येष्ठांच्या पडण्याबद्दल प्रश्न मागवले होते आणि ठाणे-नवी मुंबईकडून इतके आले की सगळे घेणं शक्यच नाही, त्यामुळे एकाच धाटणीचे एकत्र केलेत. नावं मुद्दाम काढून टाकलीयत कारण बऱ्याच जणांनी 'सासऱ्यांना कळू देऊ नका मी लिहिलंय ते' असं बजावलंय. एक वाक्य मात्र जवळपास प्रत्येक पत्रात आहे, 'आता वय झालं, चालायचंच'. मला ते अजिबात पटत नाही, का ते खाली येईलच.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही नेरूळला राहतो. बाबा ७६ वर्षांचे, रोज सकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर पाऊण तास फिरतात, बीपीची गोळी सोडली तर काही नाही. तरी गेल्या वर्षभरात दोनदा घरात पडले. एकदा दाराची बेल वाजली म्हणून घाईत वळले तेव्हा आणि एकदा बेडखालची बॅग ओढताना. बाहेर एवढं चालतात तिथे काही होत नाही मग घरातच कसे पडतात? चालणं वाढवू का?

उत्तर : चालणं आहे तेवढं ठेवा, वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. तुम्हीच लिहिलंय बघा, बाबा पडले ते वळताना आणि वाकताना, सरळ चालताना नाही. ज्वेलचा ट्रॅक सपाट, रुंद, उजेड भरपूर, समोर बघत एका लयीत चालायचं, त्यात तोलाची परीक्षा होतच नाही. हृदयाला, शुगरला, मूडला चालणं एक नंबर, पण पडणं कमी करायला नुसतं चालणं पुरत नाही. घरात मात्र दिवसभर परीक्षाच असते, सोफा आणि टीपॉयच्या फटीतून आडवं निघायचं, एका पायावर उभं राहून पायजमा चढवायचा, फ्रिजच्या खालच्या ट्रेमधून भाजी काढायची, बेल वाजली की गर्रकन वळायचं.

शरीर तोलासाठी तीन ठिकाणांहून माहिती घेतं, डोळे, आतल्या कानातला तोलाचा भाग आणि तळपाय-घोट्यातून येणारी जाणीव. तीन भागीदारांच्या दुकानासारखं आहे हे, एक जण ढिला पडला तर बाकीचे दोघं ओढून नेतात आणि गिऱ्हाइकाला कळतही नाही, दुसराही ढिला पडला की मग दुकान बसतं. वय वाढतं तसं तिन्हीकडे थोडं थोडं कमी होत जातं, त्यात मांडीचे आणि खुब्याचे स्नायू बारीक होतात, आणि तोल गेल्यावर पाऊल झटकन पुढे टाकून सावरायला जो चपळपणा लागतो तो तर ताकदीच्याही आधी जातो. तोल तरुणाचाही जातो हो, दिवसातून चारदा जातो, तो फक्त सावरतो. आणि हे सावरणं शिकता येतं, सत्तरीत, ऐंशीतसुद्धा.

आधी बाबा कुठे आहेत ते घरीच बघा. बिनहाताची दणकट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, बाबांनी हात छातीवर घ्यायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. ७५ ते ७९ वयाच्या पुरुषाला ११ पेक्षा कमी जमलं तर पायात ताकद कमी आहे. मग खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, नेहमीच्या चालीने, शर्यत नाही. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. वेळ मोजता मोजता वळण नीट बघा, दोन-तीन पावलांत वळतात की जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकत बसतात, मला स्टॉपवॉचपेक्षा ते जास्त सांगून जातं. शेवटी एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला चिकटवून एका रेषेत १० सेकंद उभं राहता येतं का बघा. तुम्ही शेजारीच थांबा, धरू नका पण हात तयार ठेवा.

आता व्यायाम. जागा म्हणजे किचनचा ओटा, कारण तो हलत नाही, आणि मागे एक खुर्ची. प्लास्टिकची खुर्ची आधाराला नको, ती माणसासकट जाते. ओट्याला दोन्ही हात लावून टाचा वर, मग चवडे वर, मग खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, बसताना धपकन नाही, सावकाश. मग एका पायावर उभं राहणं, आधी दोन्ही हात ओट्यावर, जमलं की एक हात, मग दोन बोटं, मग हात ओट्याच्या वर नुसता हवेत. ओट्याच्या कडेकडेने आडवं चालणं. पॅसेजमध्ये भिंतीला हात ठेवून उलटं चालणं. दोन स्टुलं ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत चालणं, यात दोन्ही बाजूंनी वळायची सवय होते आणि बाबांना नेमकी तीच हवीय.

यातली खरी मेख अशी की व्यायाम थोडा अवघड वाटला पाहिजे. पाय थरथरला, जरा डगमगलो, बोट टेकवावं लागलं, म्हणजे बरोबर चाललंय. एकदम स्थिर, आरामात होतंय म्हणजे आता पुढची पायरी. लोक नेमकं उलटं करतात, डगमगलं की घाबरून सोडतात आणि सोपं तेच वर्षभर करत राहतात.

आणि एक, बेल वाजली आणि पडले यात नुसतं वळणं नव्हतं, मनही दुसरीकडे होतं. चालता चालता डोक्याला काम दिलं की काही जणांची चाल लगेच मंदावते, काही तर बोलायचं म्हटलं की चक्क थांबतात, ती धोक्याची खूण असते. त्याचाही सराव होतो. आठचा आकडा काढताना नेरूळ, जुईनगर, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा, ठाणे अशी स्टेशनं म्हणायला लावा, मग तीच ठाण्याकडून उलटी. आमच्याकडे एक आजोबा याच व्यायामात मधली स्टेशनं खातात आणि फास्ट लोकल आहे म्हणून सांगतात.

किती करायचं तर आठवड्याला मिळून साधारण ३ तास, म्हणजे रोज अर्धा तास धरा, आणि फरक कळायला दोन-तीन महिने. सोडलं की फायदा हळूहळू जातो, हे आधीच सांगून ठेवते. हे काही माझ्या मनाचं नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या लोकांनी १९९० च्या दशकात ८० आणि पुढच्या बायकांना घरच्या घरी असाच कार्यक्रम दिला होता, घोट्याला वजनपट्टी बांधून पायाची ताकद, जोडीला तोलाचे व्यायाम आणि चालणं, फिजिओ अधूनमधून घरी येऊन पुढचा टप्पा देणार. असे अभ्यास पुढे एकत्र करून पाहिले तेव्हा पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. २०१९ मध्ये कॉक्रेनने, ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, सगळ्या प्रकारच्या व्यायामांचे १०८ अभ्यास, २३ हजारांवर माणसं, एकत्र तपासली, त्यात पडणं २३ टक्क्यांनी कमी. कुठल्याही गोळीने हे होत नाही.

जाता जाता, बरेच जण विचारतात योगासनं चालतील का. उभ्याची आसनं, ताडासन, वृक्षासन, भिंतीजवळ, नक्की चालतील. पण सोसायटीच्या क्लासमध्ये तासभर सतरंजीवर बसून प्राणायाम होत असेल तर ते छानच आहे, त्याने तोल सुधारणार नाही.

प्रश्न : वर्तकनगरहून लिहितेय. आई ७१ वर्षांची, पहाटे कूस बदलली की सगळी खोली गरगर फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते, पण उठताना भिंत धरावी लागते आणि एकदा तशीच पडली. मानेचा एक्सरे काढला, मणक्यात गॅप आहे म्हणाले, पट्टा दिला. चक्करच्या गोळ्या वर्ष झालं चालू आहेत. फरक शून्य.

उत्तर : साठीनंतर मानेचा एक्सरे काढला तर गॅप, झीज काहीतरी निघणारच, ज्याला काही त्रास नाही त्याच्याही. कूस बदलली की गरगरतं, मान वर करून फळीवरचा डबा काढला की गरगरतं, आणि मिनिटाच्या आत थांबतं, हे वर्णन मानेपेक्षा कानाचं वाटतं. आतल्या कानात कॅल्शियमचे अगदी बारीक खडे असतात, ते जागेवरून सुटून तिथल्या अर्धगोल नळीत गेले की डोकं हलवल्यावर नळीतलं पाणी ढवळतं आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात आणि म्हाताऱ्या माणसांत हे खूप आढळतं.

गोळीने खडे जागेवर जात नाहीत. त्यासाठी आईला टेबलावर बसवून, मान एका बाजूला वळवून झटकन आडवं करतात आणि डोळ्यांच्या बुबुळांची हालचाल बघतात, त्यातून कुठला कान आणि कुठली नळी ते कळतं, आणि मग डोकं ठरावीक क्रमाने वळवत खडे त्या नळीबाहेर काढतात. जॉन एप्ली या अमेरिकन कानाच्या डॉक्टरांनी बसवलेली ही पद्धत आहे, दहा-पंधरा मिनिटांचं काम, बऱ्याच जणांना एक-दोन वेळात बरं वाटतं. कानाचे डॉक्टर करतात, चक्करचं काम शिकलेले फिजिओही करतात. व्हिडिओ बघून घरी करू नका, कान चुकीचा धरला तर काही होत नाही आणि नळी चुकीची धरली तर हाल होतात.

गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना एकदा विचाराच. स्टुजेरॉन, स्टेमेटिल यांसारख्या गोळ्या चार दिवस मळमळीसाठी ठीक, पण वयस्कर माणसाने महिनोनमहिने घेतल्या तर गुंगी येते आणि काहींना हात थरथरणं, पाय ओढत चालणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं दिसायला लागतात, म्हणजे पडू नये म्हणून दिलेली गोळीच पाडते. मनाने एकदम बंद मात्र करू नका.

आणि चक्करबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसायला लागले, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला किंवा बसलेलं असतानाही तोल राहिना तर तो कान नाही, १०८ लावा, सकाळची वाट बघू नका.

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्याला सिडकोच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आजोबा ७८, उजवा गुडघा गेलाय, ऑपरेशन नको म्हणतात. काठी आणून दिली तर म्हणे काठी घेतली की माणूस म्हातारा होतो. घेतली तरी उजव्या हातात घेतात आणि खांद्यावर टाकून फिरतात. काय करावं?

उत्तर : खांद्यावर टाकून हे मस्तच! आजोबांना सांगा, काठी घेऊन चालणारा म्हातारा दिसतो पण खुबा मोडून खाटेवर पडलेला त्याहून म्हातारा दिसतो. हे मी तोंडावर सांगते आणि ते ऐकतात, घरच्यांचं ऐकत नाहीत.

काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात घ्यायची, म्हणजे आजोबांनी डाव्या हातात. उजवा पाय पुढे टाकताना काठीही पुढे गेली पाहिजे, मग वजन वाटलं जातं आणि गुडघ्यावरचा, खुब्यावरचा भार कमी होतो. त्याच हातात घेतली की माणूस त्या बाजूला कलतो, फायदा काही नाही. उंचीसाठी नेहमीची चप्पल घालून सरळ उभं करा, हात मोकळे सोडायचे, काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे, मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं. घरोघरी काठ्या उंच असतात कारण दुकानातून जशी आली तशी वापरतात, अ‍ॅल्युमिनियमची असेल तर बटण दाबून भोकं बदलायची असतात हे कुणी सांगतच नाही.

काठी उलटी करून खालचं रबरी बूट बघा. नव्या बुटाला खाली गोल गोल कडा असतात, त्या झिजून तळ गुळगुळीत झाला की ओल्या लादीवर काठी सर्रकन सरकते आणि काठी होती म्हणूनच माणूस पडतो. नवीन बूट मेडिकलवाल्याकडे किंवा सर्जिकलच्या दुकानात किरकोळ पैशात मिळतं. पावसाळ्यात सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं तिथे तर हे आधी बघा, आणि सेक्रेटरीला ब्लीचिंग पावडर टाकायला लावा, एका माणसाच्या हाडापेक्षा ते स्वस्त पडतं.

तीन मजले. एक हात कठड्यावर, एका हातात काठी. चढताना आधी चांगला पाय वर, मग दुखरा पाय आणि काठी. उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय खाली, मग चांगला. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आल्याशिवाय पुढे नाही. पिशवी काठीच्या हाताला लटकवायची नाही, खांद्याची झोळी किंवा पाठीवरची सॅक घ्या. चष्मा बायफोकल असेल तर जिन्यात खाली बघताना पायरी वाचायच्या काचेतून दिसते आणि धूसर होते, मान खाली वाकवून वरच्या काचेतून बघायची, नाहीतर बाहेरसाठी फक्त लांबचा चष्मा वेगळा करून घ्या. जिन्याची शेवटची पायरी आणि लादी एकाच रंगाची असेल तर पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारून घ्या, शेवटची पायरी संपली असं वाटून पडणारे खूप असतात.

आजोबांना पटवायला एक आमिष पण सांगते, ७५ च्या वरच्यांना एसटी फुकट आहे. तेवढी उंच पायरी चढता आली तर गावी जायला कुणाचं तोंड बघायला नको. घराच्या जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर कठडा धरून वर-खाली, वर-खाली, चांगल्या पायाने सुरुवात करून, गुडघा ओरडत नाही तितपत, रोज करू देत.

प्रश्न : मी स्वतःसाठी लिहितेय. वय ६८, निवृत्त शिक्षिका, घोडबंदर रोडला मुलाकडे असते. दिवाळीआधी बाथरूममध्ये पडले, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर काढून बरेच महिने झाले, हात बरा आहे. पण आता मी एकटी खालीही उतरत नाही. छातीत धडधडतं. मुलगा-सून म्हणतात आई तू बस, आम्ही करतो. ते प्रेमाने म्हणतात. पण मला वाटतं मी आता बसूनच राहणार. ही भीती कशी जाते?

उत्तर : मॅडम, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. भीती खोटी नाही, पडलात, हाड मोडलं, भीती वाटणारच. अडचण भीतीने पुढे काय होतं त्याची आहे, माणूस कमी हलतो, पाय कमजोर होतात, पावलं आखूड आणि ताठ पडायला लागतात, नजर सतत पायाशी, आणि मग खरंच पडायला होतं. मुलगा-सुनेला हे पान वाचायला द्या. 'आई तू बस' हे आजारपणात ठीक, एरवी ते पाय काढून घेण्याचं काम आहे. त्यांच्यासाठी लिहिते, आईंना भाजी निवडायला बसवू नका, ओट्याशी उभं राहून चिरायला द्या. वाळलेले कपडे त्यांनाच काढू द्या, फक्त दोरी खांद्याच्या उंचीला बांधा आणि स्टुलावर चढायचं काम असेल ते तुम्ही दोघांनी करा.

मला विचाराल तर भीतीवर सगळ्यात जास्त चालतं ते पडल्यावर जमिनीवरून उठता येणं. बहुतेकांना पडण्यापेक्षा 'पडले आणि उठताच आलं नाही तर' याची धास्ती असते. म्हणून आम्ही ते शिकवतो, जाडसर गादीवर, दोघं जण सोबत असताना. पडल्यावर आधी तसंच पडून राहायचं, श्वास घ्यायचा, कुठे जबर दुखतंय का, पाय हलतोय का बघायचं. खुबा किंवा मांडीत जबर कळ असेल, पाय बाहेर वळलेला आणि आखूड दिसत असेल, डोक्याला लागलं असेल तर उठायचं नाही, कुणी बगलेत हात घालून उचलायचंही नाही, १०८. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल तर बरं वाटत असलं तरी हॉस्पिटल.

ठीक असेल तर कुशीवर वळायचं, खालच्या हाताचं कोपर टेकवून, वरच्या हाताने रेटा देत बसतं व्हायचं, मग रांगायच्या अवस्थेत यायचं आणि रांगत जवळच्या दणकट खुर्चीपर्यंत जायचं. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, जो पाय मजबूत त्याचं पाऊल पुढे जमिनीवर टेकवायचं, गुडघा वर, मग हात आणि तो पाय एकदम रेटून उठायचं आणि वळून खुर्चीत बसायचं. लगेच चालायला लागायचं नाही, पाणी पिऊन पाच मिनिटं बसायचं. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून सांगते, हे वाचून पाठ होत नाही, करून पाहावं लागतं. मनगटावर भार देणं सुरुवातीला नको असेल तर मूठ बंद करून किंवा कोपरावर भार देऊन शिकवता येतं.

त्याच्याबरोबर बाहेर पडणं टप्प्याटप्प्याने. आधी सुनेबरोबर लिफ्टने खाली आणि परत. मग ती गेटपाशी थांबेल, तुम्ही बिल्डिंगला एक चक्कर. मग दुपारच्या शांत वेळी उपवन नाहीतर तलावपाळी, संध्याकाळी नको, भेळवाले, पोरं, सेल्फीवाले, गर्दीत धक्का लागतो. धडधडलं तरी तो टप्पा चार-पाच वेळा केल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही आणि मागेही यायचं नाही. मोबाइल गळ्यातल्या पाऊचमध्ये, बाथरूममध्ये जाताना सुद्धा, आणि बाथरूमची कडी आतून लावायची नाही, दाराला ओढणी अडकवली की आत कुणी आहे हे घरच्यांना कळतं.

बाथरूममध्ये भिंतीत ड्रिल करून बसवलेला स्टीलचा दांडा हवा, एक कमोडच्या बाजूला, एक शॉवरपाशी. टॉवेलचा रॉड म्हणजे आधार नाही, तो भिंतीतून निघून हातात येतो. लादीवरचं सुटं पायपुसणं काढा, खाली रबर असलेलं आणा. आणि साधं उभ्याने पडून मनगट मोडलं याचा अर्थ हाडं ठिसूळ आहेत का बघायला हवं, डेक्सा तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा, मनगट जोडून दिलं की ही गोष्ट बऱ्याचदा राहूनच जाते.

प्रश्न : वाशी, सेक्टर मी मुद्दाम लिहीत नाही, सगळे ओळखतात! वय ६६, शुगर १५ वर्षं. पायातली चप्पल कधी निसटते कळत नाही, आणि आंघोळीला तोंडाला साबण लावला की झोक जातो.

उत्तर : काका, तुम्ही स्वतःच निदान करून पाठवलंय. तोंडाला साबण लावताना डोळे मिटतात, आणि तळपायाची जाणीव कमी झालेल्या माणसाचा तोल डोळ्यांवरच चाललेला असतो, ते मिटले की झोक. शुगरने पायाच्या नसा बधिर होतात. दवाखान्यात बारीक नायलॉनचा धागा तळपायाला टोचून आणि कंपन करणारा चिमटा अंगठ्याला लावून हे पाच मिनिटांत तपासता येतं. बी-१२ सुद्धा तपासा, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि शाकाहारी लोकांत ते कमी निघतं आणि त्यानेही पाय बधिर होतात, आणि ते भरून काढता येतं.

आंघोळ स्टुलावर बसून. अंगठ्याची चप्पल सोडा, मागे पट्टा असलेली घ्या, पातळ पण टणक तळाची, घरातही. मऊ गुबगुबीत तळाची घेऊ नका, त्यात जमिनीची उरलीसुरली जाणीवही जाते. अनवाणी तर अजिबात नाही, खिळा घुसला तरी कळणार नाही. रात्री तळपाय आरशात बघायचा, जखम, फोड, भेग. व्यायाम वरच्या नेरूळच्या बाबांचेच, पण डोळे उघडे आणि ओटा हाताशी.

प्रश्न : सासूबाई (८१, खारघर) रात्री तीनदा लघवीला उठतात आणि उठल्या की डोळ्यापुढे अंधारी. झोपेची गोळी पण चालू आहे.

उत्तर : झोपलेलं असताना बीपी मोजा, मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर कारण सापडलं, ते आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या. बीपीच्या गोळ्यांची वेळ, लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी पडतेय का, झोपेची गोळी खरंच लागते का, हे सगळं एका बैठकीत बघायला सांगा. झोपेची गोळी अचानक तोडायची नाही, हळूहळू कमी करतात. तोवर उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, घोटे वर-खाली वीस वेळा, मगच उभं राहायचं, आणि पलंग ते टॉयलेट वाटेवर नाइट लॅम्प. कमोडची खुर्ची पलंगाजवळ ठेवायला लाज कसली, रात्रीपुरती ठेवा.

प्रश्न : व्हिटॅमिन डीची ६०,००० ची पुडी दर आठवड्याला घेतली की पडणं थांबतं का? (ऐरोली)

उत्तर : नाही. कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे घ्या, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी ते हवंच. पण जास्त म्हणजे चांगलं असं नाही, ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा डोस दिला होता, २०१० मध्ये निकाल आला तर त्या गटात पडणं आणि हाडं मोडणं दोन्ही वाढलेलं.

प्रश्न : नौपाड्यात आमच्या घराजवळ तीन फिजिओ आहेत. कुणाकडे जायचं ते कसं ठरवायचं? आईला आधी एकीकडे नेलं होतं, महिनाभर नुसता शेक आणि करंट दिला, गुडघा जरा बरा झाला, पडणं तसंच.

उत्तर : शेक आणि करंट दुखण्यासाठी असतात, तोलासाठी नाहीत. कुठेही गेलात तरी पहिल्या दिवशी मागचं पडणं कधी, कुठे, काय करताना झालं हे विचारलं जातं का बघा, सगळ्या गोळ्या बघायला मागतात का, खुर्चीतून उठवून, चालवून, वळवून बघतात का, आकडे लिहून ठेवतात का. बर्ग नावाची एक चाचणी असते, १४ कामं, ५६ पैकी मार्क, ती केली तर उत्तम, कारण दोन महिन्यांनी परत करून फरक दाखवता येतो. आईला घरी करायला व्यायाम लिहून दिले पाहिजेत आणि ते दर दोन-तीन आठवड्यांनी अवघड होत गेले पाहिजेत. घरी येणारा फिजिओ असेल तर त्याने बाथरूम बघितल्याशिवाय जाऊ नये. आणि आईला उभंही न करता थेट मशीन लावायला घेतलं तर तिथेच विचारा, तोल कधी तपासणार?